अर्धा इअरफोन

आमच्या दोघांत मिळून इअरफोन एकच होता. डावा कान माझा, उजवा त्याचा. उजव्या बाजूचा आवाज जरा फाटायचा, पण त्याने कधी तक्रार केली नाही.

हे एटापल्लीतलं. मी नववीत-दहावीत असेन. माझे बाबा मूळचे ब्रह्मपुरीकडचे, शिक्षकाची नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. तो आतल्या गावातला, माडिया. शिक्षणासाठी एटापल्लीच्या वसतिगृहात राहायचा. त्याचं नाव लिहीत नाही. विचारलं तर म्हणाला, "मले नको टाकू बे त्याच्यात." तर इथे तो 'मित्र' एवढाच.

तेव्हा नेटवर्क म्हणजे नशिबाचा भाग. एक गाणं उघडायचं म्हटलं तर ते गोल चक्र फिरत राहायचं आणि आम्ही त्याच्याकडे बघत बसायचो. त्यामुळे गाणी बाजारातून यायची. आठवडी बाजाराच्या दिवशी मोबाइल दुकानात मेमरी कार्ड दिलं की दुकानदार भरून द्यायचा : हिंदी सिनेमा, तेलुगू, छत्तीसगढी, गोंडी डीजे, सगळं एकाच फोल्डरमध्ये. कोणाचं गाणं, कोणी लिहिलं, काही पत्ता नाही. फाइलच्या नावात फक्त दुकानाचं नाव.

पुढे मी बारावी झालो आणि इंजिनिअरिंगला नागपूरला गेलो. तो गेला नाही. त्याला गणित माझ्यापेक्षा चांगलं यायचं हे इथे लिहून ठेवतो.

नागपूरच्या हॉस्टेलमध्ये मला पहिल्या महिन्यातच कळलं की 'मले', 'तुले', 'काहून' हे शब्द गिळायचे असतात. कोणी शिव्या देत नाही, फक्त हसतात. मी गिळायला शिकलो. आणि मग एका रात्री अमरावतीच्या रूम पार्टनरने स्पीकरवर एक रॅप लावला. बीटवर एक पोरगा आमच्याच वळणाची भाषा बोलत होता आणि त्यात लाज नावाची गोष्ट नव्हती. तो हंड्रेड आरबीएच, म्हणजे सौरभ अभ्यंकर, अमरावतीचा. मी रूम पार्टनरला म्हटलं, "पुन्हा लाव." त्या रात्री ते किती वेळा लावलं आठवत नाही.

त्याच्यामागून मी 'स्वदेसी'पर्यंत पोचलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : स्वदेसी हा मुंबईचा हिप-हॉप गट. एमसी मवाली, एमसी तोडफोड, महार्या, हंड्रेड आरबीएच आणि बीट बनवणारी त्यांची पोरं. हिंदी, मराठी, गुजराती, ज्याची जी भाषा तो त्यात लिहितो. एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा. गुजराती म्हणजे फाफडा, गरबा आणि शेअर बाजार एवढंच डोक्यात असलेल्या मला, तीच भाषा पोटातून अशी खडखडत बाहेर येते हे ऐकून धक्का बसला होता.

फॅन माणूस काय करतो? माहिती गोळा करतो. मला सगळं पाठ होतं. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी स्वदेसीतल्या पोरांना कर्नाटक संगीतातले तालाचे बोल कसे शिकवले आणि त्यातून 'ता धोम' हा प्रकल्प कसा उभा राहिला, हे मी मेसमध्ये न विचारता सांगायचो. 2019च्या फेब्रुवारीत 'गली बॉय' आला. त्यातल्या 'इंडिया 91' या गाण्यात तोडफोड, महार्या आणि हंड्रेड आरबीएच होते. आमच्या हॉस्टेलमधून पिक्चर बघायला बारा जण गेलो. सगळे रणवीर सिंगसाठी, मी त्या एका गाण्यासाठी. गाणं सुरू झालं तेव्हा मी शेजारच्याच्या दंडाला एवढ्या जोरात धरलं की तो म्हणाला, "तुझा भाऊ आहे का बे त्यात?"

आणि त्याच वर्षी 'द वारली रिव्होल्ट' आलं.

स्वदेसी आणि प्रकाश भोईर. प्रकाश भोईर म्हणजे मुंबईच्या आरेतल्या केलटीपाड्यात राहणारे वारली कलाकार आणि कार्यकर्ते. गाण्याच्या नावाशेजारी त्यांचं नाव होतं, ठळक. कोपऱ्यात आभार वगैरे नाही. गाणं जंगलाचं, आदिवासीच्या जमिनीचं, ती जमीन दुसऱ्यानेच नकाशावर रंगवून टाकण्याचं. रॅप मला ओळखीचा होता. पण मधून भोईरांचा आवाज येतो ना, तो काही कमावलेला, स्टुडिओतला आवाज नाही. अंगणात उभं राहून पलीकडच्या पाड्यावरच्या माणसाला हाक मारावी तसा आहे. मी हॉस्टेलच्या गच्चीवर होतो. मला एकदम एटापल्लीची थंडी आठवली. का, ते तेव्हा कळलं नाही.

नावातला 'रिव्होल्ट'ही उगाच नाही. 1945मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या माध्यमातून त्यांच्यासोबत होते. त्यावर गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं. मी ते पुस्तक या गाण्यामुळे कॉलेजच्या लायब्ररीतून काढलं. सेमिस्टर परीक्षा तोंडावर असताना वाचलं आणि एका विषयात मार खाल्ला. बाबांना कारण सांगितलं नाही.

मग आला ऑक्टोबर. 4 ऑक्टोबर 2019ला मुंबई उच्च न्यायालयाने आरेतल्या मेट्रो कारशेडबाबतच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत 2,000हून जास्त झाडं गेली होती. आंदोलन करणाऱ्या 29 जणांना अटक झाली होती. मी त्या रात्री फोनवर व्हिडिओ बघत होतो आणि कानात तेच गाणं. आपण काहीतरी केलं असं वाटायला लावणारी ती अवस्था असते. केलं काहीच नव्हतं. शेअर केलं होतं.

दिवाळीला घरी निघालो. नागपूर, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली, आणि तिथून तीसेक किलोमीटर एटापल्ली. गाणं डाउनलोड करून घेतलं होतं, कारण आलापल्लीच्या पुढे आपलं नेटवर्क आपल्याला सोडून देतं. बसमध्ये मी एकच विचार करत होतो : मित्राला हे ऐकवायचं. त्याचा चेहरा बघायचा. एखादा मोठा गट, 'गली बॉय'मध्ये झळकलेली पोरं, एका आदिवासी माणसाला मध्यभागी उभं करतात, हे ऐकून तो काय म्हणेल?

तो भेटला. आम्ही शाळेमागे बसलो, पूर्वीसारखंच. मी डावा कान घेतला आणि त्याला उजवा दिला. सवयच.

त्याने गाणं पूर्ण ऐकलं. मध्ये बोलला नाही. संपल्यावर म्हणाला, "लाव पुन्हा." मी मनात म्हटलं, जिंकलो.

दुसऱ्यांदा संपल्यावर त्याने विचारलं, "हा गाणारा भाऊ कुठचा म्हणाला तू?"

"मुंबईचा. आरे म्हणून आहे, तिथे पाडे आहेत."

"मुंबईत पाडे आहेत?"

"आहेत ना."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग हे रॅपवाले त्याच्या घरी गेले असतील. बसले असतील. त्याचं ऐकलं असंल."

"हो, गेलेच असतील."

"तू माह्या घरी किती वेळा आला बे?"

मी हसलो. मोजता येणार नाही इतक्या वेळा. सुट्टीत त्याच्या गावाला जायचो, चार चार दिवस राहायचो.

"माही माय गाते, तुले माहीत आहे. एक तरी गाणं पुरं आयकलं का तू?"

तो रागात नव्हता. रागात असता तर मी भांडलो असतो. तो खरंच विचारत होता, 'हिशेबात हे राहिलं का' असं विचारावं तसं.

आता माझा हिशेब सांगतो. मी अठरा वर्षं एटापल्लीत वाढलो. माडिया बोलणारी माणसं वर्गात, बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये, सगळीकडे होती. मला माडियातले दोन शब्द येत होते : 'एर' म्हणजे पाणी आणि 'गाटो' म्हणजे भात. दोन्ही गोष्टी मला त्याच्याच घरी मिळालेल्या. माझ्या मित्राला माडिया, मराठी, हिंदी आणि कामापुरती तेलुगू यायची. आमची मैत्री मराठीत होती, म्हणजे रोज तोच चालत माझ्यापर्यंत यायचा. मी जागचा हललो नव्हतो. आणि 'मले'ला लोक हसतात म्हणून मी नागपूरला रडत होतो.

त्याच्या आईची गाणी म्हणजे रेला. गावात लग्न असलं, सण असला की रात्री बायका-पोरी हातात हात गुंफून ओळीत उभ्या राहतात आणि सुरू होतं. मी ते शंभरदा बघितलंय. बघितलंय म्हणजे, दोन मिनिटं बघून मोबाइल काढलाय. मला ते सगळं एकच गाणं वाटायचं. 'द वारली रिव्होल्ट' ऐकताना गच्चीवर मला थंडी का आठवली, ते त्या दिवशी कळलं. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत होतो. पण मुंबईच्या पोरांनी त्याखाली बीट टाकल्याशिवाय तो मला ऐकूच आला नव्हता.

मी त्याला काही उत्तर दिलं नाही. तो म्हणाला, "पण गाणं भारी आहे. टाक माह्या फोनमध्ये." टाकलं.

कॉलेज संपलं, लॉकडाउनमध्ये घरूनच नोकरी लागली, मग पुण्याला आलो. सुरजागडच्या पहाडातलं लोहखनिज 2021पासून पुन्हा जोरात निघू लागलं. रस्त्यावर ट्रक वाढले. मित्र खाणीवर कामाला लागला. मला हे त्याच्या आधी दुसऱ्याच कोणाकडून कळलं. फोन केला तेव्हा मी बराच वेळ आडून आडून बोलत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "तुले ते गाणं आठवून राह्यलं ना?"

मी म्हटलं, "हो."

"मलेही आठवते. पगारही लागते." मग जरा थांबून, "तू पुण्यात एसीमध्ये बसून कंपनीचं काम करतो, तुले कोणी विचारते का, जंगलाचं काय म्हणून? मलेच काहून विचारतात सगळे?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. सुरजागडच्या पहाडावर ठाकुरदेव आहे. दरवर्षी जानेवारीत तिथे यात्रा भरते आणि मित्र दरवर्षी जातो. ज्या पहाडाला हात जोडतो, त्याच पहाडावर हजेरी लावतो. हे वाक्य लिहायला मला छान वाटतंय, म्हणूनच त्याच्यावर माझा भरवसा नाही. त्याला त्यात जगायचं आहे. मला फक्त लिहायचं आहे. एवढं खरं की त्याने ते गाणं फोनमधून काढलेलं नाही.

मार्च 2022. मी ऑफिसच्या कॉलवर होतो आणि त्याचा मेसेज आला : "तुझा तोडफोड गेला का बे?"

20 मार्चला धर्मेश परमार गेला. 24 वर्षांचा होता. म्हणजे माझ्याच वयाचा. त्याच महिन्यात त्याचा 'ट्रुथ अँड बेस' हा ईपी आला होता आणि मी तो ऐकत होतो. कॉलवर कोणीतरी मला डेटाबेस मायग्रेशनबद्दल विचारत होतं. मी कॅमेरा बंद केला.

रात्री मित्राला फोन लावला. मला वाटत होतं स्वदेसी हे माझं वेड आहे, तो माझ्यासाठी ऐकतो. त्या रात्री कळलं की त्याने त्यांचं सगळं ऐकलं होतं. 2020चा 'चेतावनी' अल्बम, तोडफोडची गुजराती गाणीसुद्धा. मी विचारलं, "गुजराती कळते का तुला?"

"नाही. पण न कळणारी भाषा आयकाची मले सवय आहे. शाळेत पयल्या दिवसापासून तेच केलं."

आम्ही बराच वेळ फोन धरून ठेवला, बोललो कमीच.

या जानेवारीत मी सुट्टी टाकून त्याच्या गावाला गेलो. धान निघालं होतं, अंगणं मोकळी होती. सोबत एक चांगला माइक नेला होता. डोक्यात योजना तयार होती : मावशीचा रेला रेकॉर्ड करायचा, पुण्यात जाऊन खाली बीट टाकायचा. मी बीट बनवतो, वाईट बनवतो, पण बनवतो. स्वदेसीने केलं, मी का नाही?

मावशीसमोर माइक ठेवला. तिने माइककडे बघितलं, मग मुलाकडे, आणि हसायलाच लागली. काहीतरी बोलली. मित्राने सांगितलं, "म्हणते, एकटीनं कसं गाऊ? उत्तर कोण देईल?"

रेला एकट्याने गायचा प्रकारच नाही. एक बाजू ओळ टाकते, दुसरी बाजू ती उचलते. समोर कोणी नसेल तर ते गाणं अर्धंच. अठरा वर्षं शेजारी राहून मला एवढंही माहीत नव्हतं. मग तिने शेजारच्या दोघी-तिघींना हाक मारली. त्या आल्या, तीन पोरी आल्या, आणि मलाही त्या ओळीत उभं केलं. मी शब्द चुकवले, पाय चुकवले. पोरी हसून हसून वाकल्या. रेकॉर्डिंगमध्ये कोंबड्या आहेत, एक कुत्रं आहे आणि माझा बेसूर आवाज आहे, सगळ्यांच्या अर्धा सेकंद मागे.

गाणं झाल्यावर मावशीने मित्राला काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, "माय म्हणते, ते मुंबईच्या भाऊचं लाव. मी लावतो ना घरी, तिनं आयकलं आहे."

फोन मध्ये ठेवला. भोईरांचा आवाज आला तशी ती मान पुढे करून ऐकायला लागली. रॅप सुरू झाल्यावर म्हणाली (मित्राने सांगितलं ते असं), "हा टाकते, पोरं उचलतात. बरोबर आहे."

मी सहा वर्षं या गाण्याबद्दल लोकांना सांगत होतो. फ्यूजन, प्रयोग, क्रॉसओव्हर, सगळे शब्द वापरून झाले होते. तिने ऐकलं ते मला कधी ऐकू आलं नव्हतं. मी त्या गाण्यात कायम रॅपरांकडून भोईरांकडे बघत आलो होतो, म्हणजे पोरांनी त्यांना जागा दिली असं. तिच्या लेखी ओळ त्यांची होती, उत्तर द्यायचं काम पोरांचं होतं.

पुण्यात आल्यावर एका शनिवारी ते रेकॉर्डिंग उघडलं. सॉफ्टवेअरला टेम्पो शोधायला सांगितला, त्याने तीन वेळा तीन आकडे दिले. मग मी सगळे आवाज रेषेवर बसवले, क्वांटाइझ केले. बीट मस्त बसला. पण मावशी गायब झाली. ओळ टाकणं आणि उचलणं यांच्यामध्ये एक छोटासा श्वास होता, समोरची तयार आहे ना हे बघण्यापुरता. तो रेषेत मावत नव्हता म्हणून कापला गेला होता. मी अनडू करत करत मूळ फाइलपर्यंत परत आलो.

ती फाइल मित्राला पाठवली. त्याचं उत्तर : "भारी. टाकशील का कुठं? टाकली तर नाव कोणाचं टाकशील?"

मला बाजारातलं ते मेमरी कार्ड आठवलं, फाइलच्या नावात दुकानाचं नाव असलेलं. मी लिहिलं, "मावशीचं आणि बाकी सगळ्यांचं. पण आधी त्यांना विचारून. आणि मला शब्द कळल्यावर."

"मंग लई वर्षं लागतील बे तुले," तो म्हणाला.

सध्या तो मला रोज एक व्हॉइस नोट पाठवतो. खाणीवरून सुटल्यावर, बहुतेक चालता चालता, मागे ट्रकचा आवाज असतो. एक वाक्य माडियात, मग तेच मराठीत, मग पुन्हा माडियात. मी ते रेकॉर्ड करून परत पाठवतो. तो चूक सांगतो. कधी फक्त हसण्याचा आवाज पाठवतो.

काल रात्री मी पहिल्यांदा एक वाक्य न विचारता, स्वतः जुळवून पाठवलं. 'भात झाला, पाणी दे' एवढंच. जुने दोन शब्द आणि मधे थोडं नवीन. दोन्ही टिक निळ्या झाल्या. दहा मिनिटं काही आलं नाही. मग सोळा सेकंदांची नोट आली. मी इअरफोन लावला. मित्राचा आवाज नव्हता, मावशीचा होता. काय म्हणाली ते अजून पूर्ण कळलेलं नाही. त्याला विचारलं, तर म्हणतो, "मी नाही सांगत. आयक पुन्हा."